होंडेली मिळाली का?

मिनिकॉयच्या बंदरावर सकाळी पहिली चौकशी मोठ्या मासळीची होत नाही. "होंडेली मिळाली का?" एवढंच विचारतात. होंडेली म्हणजे जेमतेम बोटाएवढा मासा, अंग जवळजवळ आरपार दिसणारं आणि कुशी चंदेरी. लगूनच्या उथळ पाण्यात वाळूवरून त्याचे थवे फिरतात. तो मिळाला तर बोटी पोवळ्यांच्या भिंतीतल्या वाटेने बाहेरच्या समुद्रात जातात. नाही मिळाला तर डिझेल आहे, खलाशी आहेत, क्षितिजावर पाखरं घिरट्या घालताना दिसतायत, तरी बोट जागची हलत नाही. कारण ज्या कुप्याच्या, म्हणजे ट्यूनाच्या, मागे जायचं तो जाळ्यात घ्यायचा नसतो, काठीने एकेक उचलायचा असतो; आणि तो काठीच्या टप्प्यात यावा म्हणून त्याच्यापुढे जिवंत होंडेली फेकावी लागते. मेलेली चालत नाही.

हे मला बंदरावर उतरण्यापूर्वी ठाऊक होतं, पण पुस्तकातलं. मी रत्नागिरीची, शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलेली. एका सर्वेक्षणात नोकरी लागली आणि कुप्याची लांबी मोजण्याचं काम अंगावर आलं. मोजणारी म्हणून मला मिनिकॉयला धाडलं. लक्षद्वीपची बाकीची वस्तीची बेटं एकीकडे आणि मिनिकॉय दक्षिणेला एकटं. मध्ये नाइन डिग्री चॅनलचं सुमारे दोनशे किलोमीटर पाणी. इतर बेटांवर मलयाळमच्या वळणाची जेसरी बोलतात, इथे माहल, म्हणजे मालदीवच्या दिवेहीचीच बोली. बेटाचं स्वतःचं नाव मलिकू. मला यांतलं काहीच येत नव्हतं. कोचीहून परवाना, जहाज, बाहेरच्या पाण्यात थांबून छोट्या बोटीत उतरणं, हे सगळं तिथे जाणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येतं, त्याबद्दल वेगळं लिहायला नको. माझ्या सामानात मोजमापाची फळी, वजनकाटा, वहीवर घालायला प्लास्टिकच्या पिशव्या आणि आईने दिलेली कोकमं होती. कोकमं शेवटपर्यंत पुरली, पिशव्या मात्र आठवड्यात संपल्या.

बेट चंद्रकोरीसारखं, साधारण दहा किलोमीटर लांब. पूर्वेला उघडा समुद्र, पश्चिमेला लगून. वस्ती आणि बंदर दोन्ही लगूनच्या बाजूला. बंदर म्हणजे एक धक्का आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लांबवर पसरलेली पुळण. काम बरंचसं पुळणीवरच चालतं. बोटी कमरेएवढ्या पाण्यात नांगरतात, मासळी तिथेच उतरते, तिथेच कापली जाते. मे महिन्याच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत समुद्र बंद असतो, तेव्हा त्याच पुळणीवर बोटी वर ओढून शाकारतात. आमच्याकडेही होड्या शाकारतात, त्यामुळे झावळ्यांच्या मांडवाखाली ठेवलेली एक जुनी बोट दिसताच मला एकदम ओळखीच्या गावात आल्यासारखं वाटलं. मिरकरवाड्याच्या बंदरावर वाढलेल्या माणसाला चुकल्यासारखं वाटलं ते एकाच गोष्टीने: पुळणीवर इतकी मासळी आणि एकही कुत्रं नाही. या बेटांवर कुत्री नाहीतच. मांजरं आहेत, भरपूर, आणि ती आळशी आहेत.

बंदरावर मला दुभाषा मिळाला तो एका टांगलेल्या पलंगावर. माडांच्या सावलीत दोऱ्यांनी झोपाळ्यासारखा बांधलेला पलंग, त्यावर निवृत्त झालेली दोनतीन माणसं दिवसभर आळीपाळीने बसलेली. मिनिकॉयचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या व्यापारी जहाजांवर खलाशी म्हणून जातात. त्यामुळे इतक्या एकट्या बेटावर रॉटरडॅमचं बंदर पाहिलेला माणूस भेटणं ही रोजची गोष्ट आहे. मला दुभाषा म्हणून मिळालेल्या काकांची उमेदीची वर्षं जहाजांवर गेली होती आणि दोन नोकऱ्यांच्या मधले महिने मुंबईत, डोंगरीच्या आसपास. त्यांची हिंदी अस्सल बंबईची. मी रत्नागिरीची म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "तुमारे इधरका सारंग लोग बहुत देखा. शिस्तवाला. पैसेका हिसाब पक्का." मी म्हटलं, काका, मी पण हिशोबालाच आलेय. त्यावर ते बराच वेळ हसले. ते का हसले हे समजायला मला थोडे दिवस लागले.

प्रत्यक्ष काठीची मासेमारी मी समुद्रावर जाऊन पाहिलेली नाही. बोटीवर जागा मोजकी, प्रत्येकाला काम नेमलेलं, आणि बाईमाणसाला बोटीवर न्यायची रीत नाही. वाद घालावा असं मला वाटलं नाही. माझं काम पुळणीवर होतं. पण बोट नीट पाहिली तर ती सगळं सांगते. पोटात मध्यभागी टाकी असते, तिच्या तळाला भोकं आणि भोकांना लाकडी बुचं. बुचं काढली की समुद्राचं पाणी आत येत राहतं आणि होंडेली जिवंत राहते. पूर्वी हे वाढतं पाणी उपसायला माणसं बसवलेली असत. बोटीच्या मागच्या टोकाला फळ्यांचा ओटा, त्यावर काठीवाले ओळीने उभे राहतात. ओट्याच्या कडेने पाण्याचे फवारे उडवणारी नळी. फवाऱ्याने पाण्यावर जी खळबळ होते ती खालून पाहणाऱ्या कुप्याला घाबरलेल्या बारक्या माशांच्या थव्यासारखी दिसते; त्यात एक माणूस मूठमूठ होंडेली फेकतो, आणि कुपा पिसाळून वर येतो. पंप नव्हते तेव्हा हेच काम हाताने पाणी उडवून करत.

काठीच्या दोरीला गळ असतो, पण त्याला आमिष लावत नाहीत आणि त्याला उलटा काटाही नसतो. चमकणारा दांडा पाहून पिसाळलेला मासा तोंड घालतो, काठीवाला त्याला डोक्यावरून मागे झोकतो, दोर सैल पडताच गळ आपोआप सुटतो आणि मासा फळीवर आपटतो. हात लावावा लागत नाही. थवा चांगला लागला तर थोड्या मिनिटांत बोट भरते. मग थवा एकाएकी खाली जातो आणि सगळं थांबतं. हे काकांनी मला पलंगावर बसून, हातात छत्री घेऊन करून दाखवलं. छत्री दोनदा माझ्या डोक्यावरून गेली.

आता होंडेलीचं. ती पकडणं हे खरं कौशल्याचं काम, आणि बंदरावर त्याचा मान मोठा. चौकोनी जाळं पाण्यात पसरून, काहीजण पाण्यात उतरून, चुऱ्याचं आमिष दाखवून थवा जाळ्यावर आणतात आणि जाळं सावकाश उचलतात. सावकाश, कारण होंडेलीचे खवले नुसत्या स्पर्शाने सुटतात आणि खवले सुटलेला मासा तासाभरात मरतो. तिचीच दुसरी जात रेही, ती पोवळ्यांच्या भिंतीजवळ मिळते. काही आमिषमासे तर फांद्यांच्या पोवळ्यांतच राहतात. म्हणजे बाहेरच्या खोल समुद्रातल्या, हजारो किलोमीटर फिरणाऱ्या माशाची पकड या एका उथळ लगूनवर आणि त्यातल्या पोवळ्यांवर टांगलेली आहे. 1958 साली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं केंद्र मिनिकॉयला सुरू झालं आणि त्याच वर्षी एस. जोन्स यांनी इथल्या आमिषमाशांच्या मासेमारीवर लेख लिहिला. कुप्यावर लिहायला पुष्कळजण असतात. त्या माणसाने आधी बारक्या माशाकडे पाहिलं, याचं मला कौतुक वाटतं. माझ्या छापील तक्त्यात होंडेलीसाठी एकच रकाना होता: "आमिष, अंदाजे बादल्या".

बोटी दुपारनंतर परतायच्या. भिंतीच्या वाटेतून आत येणारी बोट किती खोल बसली आहे ते पाहून पलंगावरची मंडळी लांबूनच आकडा सांगायची, आणि तो माझ्या मोजणीच्या फार जवळ असायचा. बोट थांबली की पुळणीवर एकदम गर्दी. मासळी पाण्यातून वाळूवर येते, ढीग पडतात, आणि माझी धावपळ सुरू होते. स्किपजॅक म्हणजे आमच्याकडे ज्यांना सरसकट कुपा नाहीतर गेदर म्हणतात त्यांतलाच एक. फुगीर, पाठ निळी-काळी, पोटावर लांब काळ्या रेघा. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत लांबी घ्यायची. फळीवर ठेवायचा, वाचायचं, ओरडायचं, शाळा सुटल्यावर येऊन बसलेला एक पोरगा वहीत लिहायचा. अठ्ठेचाळीस, एक्कावन्न, सत्तेचाळीस. पोराचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं.

पहिल्यांदा कुप्याला हात लावला तेव्हा दचकायला झालं. मासा ऊन लागतो. बांगडा, सुरमई हाताळलेल्या हाताला हे विचित्र वाटतं. सतत वेगाने पोहणारा हा मासा स्नायूंत तयार झालेली उष्णता अंगात राखून ठेवतो, भोवतीच्या पाण्यापेक्षा त्याचं रक्त कितीतरी गरम असतं. काठीवर येताना त्याने जिवाच्या आकांताने झटापट केलेली असते, वर उष्ण कटिबंधातलं ऊन. बर्फ तेव्हा जवळजवळ नव्हताच. असा मासा उन्हात राहिला तर त्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवल्याने जात नाही. खाणाऱ्याचं अंग लाल होतं, डोकं ठणकतं. तेव्हा पुळणीवर जी घाई दिसते ती मुळात माशाच्या अंगातल्या उष्णतेची घाई आहे. मी फळी घेऊन मध्ये उभी राहिले की एकेका माशामागे सगळ्यांचाच वेळ जायचा. कोणी बोललं नाही. फक्त एका तांडेलाने एकदा माझ्या हातातला मासा शांतपणे काढून घेतला, फळीवर बरोबर ठेवला, आकडा वाचला आणि दुसऱ्या हाताने पुढचा ठेवला. त्यानंतर मी दुप्पट वेगाने मोजायला शिकले.

पण ढिगाला मी पोचेपर्यंत ढीग पूर्वीचा राहिलेला नसायचा. हाच तो हिशोब, ज्याच्यावर काका हसले होते. बोट टेकल्याबरोबर आधी मासे निघून जायला लागायचे. एक म्हातारी येऊन उभी राहायची, काही न बोलता तिच्या टोपलीत दोन मासे पडायचे. कुणाच्या घरी बाळंतीण, कुणाचा नवरा जहाजावर आणि घरात जाणारं कोणी नाही, कुणी काल बोट ढकलायला हात लावला होता, कुणी आमिष पकडताना पाण्यात उतरला होता. मशिदीच्या कामाला काही. शाळेतली पोरं जाताजाता एक उचलायची, त्यांना कोणी हटकत नव्हतं. मग मालकाचा वाटा, तांडेलाचा, खलाशांचा. आणि खलाशांच्या वाट्यातून पुन्हा त्यांच्या घरी. एवढं झाल्यावर जे उरतं ते विकायचं किंवा वाळवायचं. कुणाला किती हे मी नीट लिहून काढायचा प्रयत्न केला, तर प्रत्येक बोटीचं उत्तर वेगळं आणि प्रत्येकाला ते अगदी स्पष्ट.

कोकणातल्या माणसाला यात परकं काही नाही. मालवणाकडे रापण ओढतात तेव्हा दोराला हात लावणाऱ्याला वाटा मिळतोच. बघायला आलेला पाहुणा सुद्धा चार तारल्या घेऊन घरी जातो. मिरकरवाड्याला मात्र माझ्या लहानपणापासून लिलाव. बोट लागली की पुकारा, बोली, पाट्या ट्रकमध्ये. तिथे मासळी बंदरावर किती उतरली ते विचारलं तर आकडा मिळतो, कारण उतरलेली सगळी मासळी विकायचीच असते. आमचा तक्ता अशाच बंदरासाठी बनला होता. त्यात "विक्री" होतं, "प्रक्रिया" होतं. टोपलीत न बोलता पडलेल्या दोन माशांना जागा नव्हती. सरकारी पुस्तकांत छोट्या बेटांचे आकडे वाचताना मी आता नेहमी मनात भर घालते. किती घालावी ते बेटावर अवलंबून.

यात नुसत्या बेरजेचाच प्रश्न नव्हता, नाहीतर मी तो सोडून दिला असता. घरी जाणारे मासे आणि ढिगात राहणारे मासे सारखे नसतात. वाळवायला स्किपजॅक उत्तम म्हणून तो राखला जायचा. थव्यात मिसळून आलेले पिवळ्या पराच्या कुप्याचे पोरटे मासे पुष्कळदा टोपल्यांतून घरी जायचे, असं माझ्या वहीवरून दिसत होतं. मी उरलेल्या ढिगाची लांबी मोजून कळवणार की इथे लहान पिवळपरा फारसा पकडलाच जात नाही. कागदावर सगळं बरोबर आणि समुद्राविषयी चुकीचं. म्हणून मी टोपल्यांच्या मागे जायला लागले. त्यामुळे माझा बायकांच्या जगात प्रवेश झाला, आणि खरं काम तिथून सुरू झालं.

मिनिकॉयमध्ये अकरा गावं आहेत, एकाला लागून एक, पण प्रत्येक गावाचं आपलं सामायिक घर, आपली शर्यतीची होडी, पुरुषांचा प्रमुख मूप्पन आणि बायकांची प्रमुख मूप्पत्ती. घर आईकडून मुलीकडे येतं. पुरुष महिनोन्‌महिने जहाजावर, त्यामुळे गावचा रोजचा कारभार बायकांच्या हातात असतो, आणि हे त्यांच्या चालण्याबोलण्यात दिसतं. मी मोजफळी घेऊन अंगणात शिरल्यावर पहिला प्रश्न लग्नाचा, दुसरा पगाराचा, तिसरा हा की मासा मोजायला एवढ्या लांबून पोरगी पाठवतात तर तुमच्याकडचे मासे मोजून झाले का. तिसऱ्या प्रश्नाला मी आजही नीट उत्तर देऊ शकणार नाही.

अंगणात जे चाललेलं असतं ते मसमीनचं, म्हणजे वाळवलेल्या कुप्याचं, काम. कुप्याचं डोकं आणि आतडी काढतात, मधल्या काट्याच्या दोन्ही बाजूंचं मांस उभं कापून लांब तुकडे करतात, ते मोठ्या भांड्यात खाऱ्या पाण्यात उकळतात. मग फळ्यांच्या मांडवावर ठेवून खाली नारळाची सोडणं पेटवून धूर देतात, आणि नंतर दिवसच्या दिवस उन्हात. वाळल्यावर तुकडा बाभळीच्या लाकडासारखा खणखणतो. पाचेक किलो ताज्या मासळीमागे किलोभर मसमीन, असा ढोबळ हिशोब. बर्फाशिवाय मासा महिनोन्‌महिने टिकवायचा तर यापेक्षा शहाणी युक्ती मला सुचत नाही. उकळलेलं पाणी फेकत नाहीत; ते आटवत आटवत त्याचा काळपट दाट पाक करतात, रिहाकुरू. भाताशी बोटभर पुरतो. मसमीनचा माल मंगळूर, कोची, तुतिकोरीनकडे जातो आणि त्यातला पुष्कळसा तिथून श्रीलंकेला. मालदीवमधून कोलंबोला जाणारा वाळलेला कुपा आणि हा, माल एकच.

हे सगळं ऐकायला सोपं वाटतं. धूर डोळ्यांत, हात कोपरापर्यंत रक्तात, रात्रीचे दहा वाजून गेलेले, आणि बोट दुसऱ्या दिवशीही भरून येणार. चांगल्या मोसमात बायकांची झोप पुळणीवर ठरते. माझ्या तक्त्यात बोटीवरचे खलाशी किती, इंजिन किती अश्वशक्तीचं, किती तास शोधात गेले, हे सगळे रकाने होते. ज्या श्रमाने त्या माशाला किंमत येत होती त्याला एकही नव्हता. मासेमारीच्या अर्थशास्त्रात "श्रम" लिहिलं की डोळ्यासमोर पुरुष येतो. मच्छी बाजारात बसलेल्या आमच्या खारवी आणि दालदी बायकांच्या बाबतीतही हेच.

मसमीनच्या अंगणात मला आकडे फार चांगले मिळाले. बायका माशांची मोजणी तुकड्यांवरून करत: एका मोठ्या माशाचे चार, आणि पोरट्याचे दोनच, मध्ये चिरायचाच नाही. आज किती चाराचे आणि किती दोनाचे, एवढं विचारलं की थव्याचं वय मला बसल्या जागी कळायचं. फळीवर मोजलेल्या लांब्यांशी मी ते ताडून पाहिलं, चांगलं जुळलं. पुढे अहवालात ही पद्धत मी सविस्तर दिली. छापताना तिची तळटीप केली गेली.

होंडेलीविषयीही खरी माहिती मला अंगणातच मिळाली. बोटीवरचे लोक आजची होंडेली बोलायचे, म्हाताऱ्या वर्षांची बोलायच्या. 1998 साली पाणी तापून पोवळी पांढरी पडली होती, 2010 साली पुन्हा. मी गेले ती त्यानंतरची वर्षं. एक आजी सांगायची, पूर्वी दारासमोरच्या पाण्यात उभं राहिलं तरी पायांवरून थवा जायचा, आता पोरं अर्धा दिवस लगूनभर फिरतात. याला एकट्या पोवळ्यांचा दोष देता येणार नाही. साठच्या दशकात इंजिनाच्या बोटी आल्या, मिनिकॉयची ही काठीची विद्या इतर बेटांवर शिकवली गेली, बोटी वाढल्या, टाक्या मोठ्या झाल्या. आणि लगून होतं तेवढंच. पोवळं मेलं की बारक्या माशाला आसरा कमी, बोटी जास्त की मागणी जास्त. दोन्ही एकाच पाण्यात येऊन भेटतात. म्हणून मला काठीच्या मासेमारीचं सरसकट गुणगान पटत नाही. एकेक मासा उचलणारी, नको ते न मारणारी पद्धत आहे हे खरंच, आणि रत्नागिरीच्या पर्ससीन जाळ्याच्या शेजारी ठेवली तर साधूच वाटेल. आमच्याकडे पर्ससीनवर 2016 साली निर्बंध आले, त्याआधी आणि नंतर बंदरावर काय काय झालं ते आम्ही पाहिलंय. पण काठीचाही भार कुठेतरी पडतो. तो खोल समुद्रावर फार पडत नाही, दारातल्या लगूनवर पडतो, आणि तिथे कोणी फळी घेऊन उभं नसतं.

2016 साली पोवळी परत पांढरी पडली तेव्हा मी बेटावर नव्हते. काकांच्या नातवाचा फोन आला, तोच सुंदर अक्षराचा पोरगा, तोवर कॉलेजात गेलेला. बोलणं तुटत होतं. मी सवयीने विचारलं, होंडेली मिळते का. म्हणाला, कमी, लांब जावं लागतं, डिझेल जास्त लागतं. मग म्हणाला, डिझेलचा रकाना तुमच्या तक्त्यात होता ना, त्यातच दिसेल. बरोबर होतं त्याचं. होंडेली मोजायची सोय नसेल तर ती डिझेलच्या रकान्यातून मोजता येते, शोधाच्या तासांतून मोजता येते. पुढच्या कामात मी ते करून पाहिलं. डिझेलच्या मोजमापात भाव आणि इंजिन दोन्ही लुडबुडतात, तरी शोधाचे तास बऱ्यापैकी खरं बोलतात.

टोपल्यांसाठी मात्र मी बेटावर असतानाच हाताने रेघ मारून तक्त्यात एक रकाना वाढवला होता: "वाटप, विनामोबदला". वरिष्ठांनी आधी विचारलं की याचा उपयोग काय, मग विचारलं की नगांवर लिहिताय की वजनावर, म्हणजे रकाना मंजूर झाला. मोसमाच्या शेवटाकडे एका संध्याकाळी बोट टेकली, गर्दी झाली, मी आणि पोरगा बादल्या उचलायला हात लावत होतो, कारण मोजायला जागा व्हायला हवी होती. पहिल्या टोपल्या भरल्या. ती आजी आली, तिचे दोन पडले. मग तांडेलाने माझ्याकडे न बघता माझ्या मोजफळीवर एक कुपा ठेवला आणि पुढच्या माणसाकडे वळला. मला वाटलं मोजायचा म्हणून ठेवला. मी मोजला, पोराला आकडा सांगितला आणि मासा परत ढिगात टाकला. तांडेलाने तो उचलून पुन्हा फळीवर ठेवला. काका पलंगावरून ओरडले, "अरे, वो तुमारा है! हाथ लगाया ना पानी में."

पोराने पेन थांबवलं आणि विचारलं, हा कुठे लिहू? मी म्हटलं, आखलाय ना आपण रकाना. त्याने लिहिलं: वाटप, विनामोबदला, 1 नग, 48 सें.मी. आजीने त्याचे चार तुकडे करून दिले, नारळ घातला, आणि माझी शेवटची कोकमं त्यात गेली. आजीला ती चव अजिबात आवडली नाही, दोन घास घेऊन ताट बाजूला सारलं.

कार्यालयात माहिती तपासणाऱ्याने नंतर त्या नोंदीभोवती लाल गोल केला. लांबी आहे, वजन नाही, पोटातलं अन्न तपासलेलं नाही, नमुना कुठे आहे? मी समासात उत्तर लिहिलं: खाल्ला.